काटेरी शेंगांचा फाल्गुन

फाल्गुन लागला की आमच्या मोताळ्यातली दुपार एकदम मोठी होते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, हरभरा घरात आलेला असतो, आणि माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायांच्या तोंडी फक्त लग्नाच्या तारखा असतात. परवा अशाच एका दुपारी मी पत्र्याच्या ओसरीत मशीनवर बसून ब्लाउजला बाही जोडत होते आणि कुंपणाकडून आवाज आला. टच्. वाळकी काडी मोडल्यासारखा. मी पायडल थांबवलं, सुई कापडात तशीच ठेवली आणि उठले. तीन वर्षं वाट पाहत होते मी त्या आवाजाची.

कुंपणावरची वेल ह्या वर्षी पहिल्यांदा फळली आहे. तिला वेल म्हणायचं की झुडूप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती तारेवर चढते, बाजूच्या कडुनिंबाला टेकते, आणि मनात आलं की मध्येच कोणाच्याही आधाराशिवाय उभी राहते. काटे खोडाला, फांदीला, अगदी पानाच्या देठाच्या पाठीलासुद्धा, आणि सगळे मागे वळलेले. म्हणजे हात आत जायला काही अडचण नाही, बाहेर काढताना खरी गंमत. शेंगाही तशाच, अंगभर काटे घेऊन लोंबणाऱ्या. आमच्या दूधवाल्याची बाही दोनदा फाटली. दोन्ही वेळा मी फुकट शिवून दिली आणि दोन्ही वेळा त्याने विचारलं, की मावशी, लोक दारात गुलाब लावतात, तुम्ही हे काय लावून ठेवलं? मी नुसती हसले. काय सांगणार त्याला, ऐकता ऐकता दूध नासेल एवढी लांब गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन असाच होता. फक्त तेव्हा माझी मोठी बहीण कुसुमताई माझ्या घरी होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

मार्गशीर्षात तिला लकवा मारला. वडनेर भोलजीला ती एकटीच राहते. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा अविनाश नोकरीला पुण्यात. शेजारणीने पाहिलं म्हणून वेळेत दवाखाना झाला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय महिनाभरात चालू लागला, पण उजवा हात काही परतला नाही. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. अविनाश म्हणाला पुण्याला चल. ती म्हणाली, मी शकूकडे जाते. शकू म्हणजे मी.

अविनाशने तिचं ऐकलं, पण मुदत घातली, आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंतची. आखाजीला तो येणार, आणि तोवर आईचा हात तिच्या कामापुरता चालायला लागला तर तिने वडनेरला आपल्या घरी राहावं, नाही तर घराला कुलूप घालून कायमचं पुण्याला. वडनेरच्या घराची किल्ली त्याने आपल्या खिशात ठेवली. मला त्याचा राग आला नाही. एकट्या बाईला परत काही झालं तर काय, ह्या विचाराने पोराची झोप उडाली होती. पण ताईने ती किल्ली खिशात जाताना पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या हाताबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. माझा नवरा गेला तेव्हा माझी पोरगी दोन वर्षांची होती आणि मला सुईत धड दोरा ओवता येत नव्हता. ताई मला वडनेरला घेऊन गेली आणि एक अख्खा पावसाळा तिने मला आपल्या मशीनसमोर बसवलं. वर्तमानपत्राचे फर्मे कापायला शिकवले. मला वाचायची खोड लागली ती तिथेच, कापता कापता अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली अर्धी कोणाच्या तरी गळ्याच्या आकारात निघून गेलेली असायची. मशीनचं सगळं जमलं, बटणांची काजं मात्र जमेनात. ताई काजं हाताने करायची, टाक्याला टाका लागून, उलटी बाजू कोणती ते ओळखू येऊ नये अशी. माझं काज वाकडं झालं की लाकडी पट्टी माझ्या बोटांवर हाणायची आणि मग स्वतःच उसवून द्यायची. आज मी माझ्या घरात माझी भाकर खाते, पोरीचं लग्न करून दिलं, ते त्या हाताच्या जिवावर. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे बहिणी-बहिणी असलं काही बोलत नाहीत, फार झालं तर एकमेकींना लुगडं घेतात.

आणि त्या हाताला आता ब्लाउजचा हुक लागत नव्हता. व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने मुठीत दाबायला एक रबरी चेंडू दिला. बोटं आत्ताच हलवली नाहीत तर आखडतील, असं तिने मला दारापाशी नेऊन हळूच सांगितलं. ताईने चेंडू खाटेखाली ढकलून दिला. मी काय लहान पोर आहे का, म्हणाली. मी विनवलं, समजावलं, मग चिडले. एका सकाळी तिची वेणी घालता घालता माझा तोल गेला आणि मी म्हटलं, राहा मग पुण्याला, गॅलरीत बसून गाड्या मोजत. बोलल्याबरोबर जीभ चावली, पण काय उपयोग? ताईने माझ्याशी बोलणंच टाकलं. ताटली पुढे केली की खायची, पाणी दिलं की प्यायची, बस.

त्याच आठवड्यात शेजारच्या निर्मलाबाईंकडे रोडगे होते. नातू झाला तर मारोतीला रोडगे करीन, असा त्यांचा नवस होता. आमच्या भागात हे असतंच. गोवऱ्या घेऊन शेतातल्या देवापाशी जायचं, कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वरण, वांग्याची भाजी आणि वरून तूप. मला जायचं नव्हतं. ताईनेच मानेने जा म्हटलं, बहुतेक माझ्या तोंडापासून तेवढीच सुटका म्हणून. मारोतीच्या पारामागे, नाल्याच्या काठाला मी विस्तवासाठी काटक्या वेचत होते आणि माझा पदर कशात तरी अडकला. ओढला तसा आणखी अडकला. दुसरी कोणी असती तर हिसका देऊन मोकळी झाली असती, पण मी कापडाची बाई, मला फाडवेना. खाली बसले आणि एकेक काटा सोडवू लागले. सोडवता सोडवता वर पाहिलं तर काट्यांनी भरलेल्या तपकिरी शेंगांचे घोस.

जन्म ह्या मातीत गेला. बाभूळ, बोर, हिवर, हिंगण, काट्यावरून ओळखते मी झाड. हे कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल आणि काटेरी म्हणून लांबून गेले असेन, कोण जाणे. सात शेंगांची एक फांदी मोडली आणि रोडग्यांच्या टोपलीत घालून घरी आणली. काऊन आणली ते विचारू नका. अबोला धरून बसलेल्या माणसासमोर जाताना हातात काही तरी असावं, असं वाटलं असेल.

मग तिच्या खाटेसमोरच चौकशी सुरू झाली. निर्मलाबाई म्हणाल्या, काटेरी झाड घरात आणू नये, भांडणं होतात. मी म्हटलं, भांडण आधीच झालं आहे, झाड नंतर आलं. कृषी केंद्रवाल्याने फांदी हातातही न घेता तणनाशकाची बाटली काढून समोर ठेवली. बाजाराच्या दिवशी झाडपाला विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला की लई गुणाची चीज आहे, इथेच ठेवून जा. नाव विचारलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. माझ्या पोरीला फोटो पाठवला, तिच्या मोबाइलने तीन नावं सांगितली, तिन्ही निराळी, आणि त्यातलं एक वाळवंटातल्या कुठल्या निवडुंगाचं. रोज संध्याकाळी मी ही हकिगत भांडी घासता घासता भिंतीला सांगितल्यासारखी मोठ्याने सांगायची. चौथ्या दिवशी खाटेवरून आवाज आला, "सापडलं का वं नाव?" अबोला सुटला तो असा.

शेंगा मी खिडकीत उन्हाला ठेवल्या होत्या. होळीच्या आदल्या दुपारी त्यातली एक तडकली. टच्. दोन गोल राखाडी बिया फरशीवर पडल्या आणि टणटण उड्या मारत खाटेपाशी गेल्या. ताईने वाकून डाव्या हाताने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

"शके," ती म्हणाली, "अवं, हे तं सागरगोटे हायेत."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच की! तोच राखाडी रंग, तीच चमक, अंगावर त्याच बारीक गोल रेषा. आम्ही दोघींनी अख्खं लहानपण सागरगोट्यांवर काढलं होतं. परीक्षा संपली की वैशाखाच्या दुपारी मागच्या गार ओट्यावर बसायचं. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर जमिनीवरचा एकेक टिपायचा, मग दोन-दोन, मग एका झपाट्यात सगळे. ताईचा हात इतका चपळ की नुसत्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. जत्रेत रिबिनी विकणाऱ्या बाईकडून आम्ही ते आणायचो, आणि ते समुद्रातून निघतात अशी आमची पक्की समजूत होती. समुद्र कोणी पाहिला होता? जत्रेतली बाई म्हणाली म्हणून खरं. ती समजूत मी उतारवयापर्यंत सांभाळली, आणि झाड आमच्या शिवारातल्या मारोतीमागे निवांत उभं होतं. त्या दिवशी ताई आणि मी हसलो, मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा.

आणखी एक खेळ होता, तो एकट्या ताईचा. सागरगोटा ओट्याच्या दगडावर जोरजोरात घासायचा, चांगला तापला की मागून येऊन माझ्या दंडाला लावायचा. असा चटका बसायचा की मी बोंबलत बापूंकडे, आमच्या वडिलांकडे, पळायचे. बापू तिला रागवायचे, ती कबूल व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी परत.

बाकीच्या शेंगा फोडल्या तेव्हा सगळे मिळून अकरा निघाले. मला वाटलं, लावून पाहावेत. आता बी लावायचं म्हटलं की मला एकच रीत ठाऊक, बापूंची. ते सरकी पेरायच्या आधी शेणाराखेत चोळायचे. सरकीला लव असते, ती चोळून बसवली की दाणा दाण्याला चिकटत नाही. मी सहा सागरगोटे तसेच शेणाराखेत चोळले, तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून लावले, वर ओलं गोणपाट टाकलं. पाच ताईच्या उशाशी ठेवले. रोज पाणी घालायचे. गुढीपाडवा गेला, रामनवमी गेली. डब्यांत गवत उगवलं, घोळीची भाजी उगवली, सागरगोटा काही उगवला नाही. शेवटी मी उलथण्याने एक डबा उकरला. सागरगोटा जसा घातला तसाच, उलट आंघोळ करून आणखी चकचकीत झालेला. मी तो ताईच्या पुढ्यात आदळला.

तिने तो डाव्या हातात फिरवला. "सरकी हाये का हे?" म्हणाली. "ह्याच्यात पाणीच नाही गेलं तं उगवन कसं? घासाव लागते." चटक्यासाठी घासायचो तेव्हा वरचं कवच जाऊन खाली फिकट ठिपका दिसायचा, ते तिच्या ध्यानात होतं. माझ्या नव्हतं. मी चटका खाणारी, घासणारी ती. तिने मला पाटा आणायला सांगितला. मी पाटा तिच्यासमोर ठेवला आणि सागरगोटा तिच्या उजव्या हातात दिला. असं काही ठरवलं नव्हतं, हात गेला खरा.

सागरगोटा सरळ खाली पडला. मी उचलून परत दिला, परत पडला. आता ही चिडणार, म्हणून मी घाबरून काही बोलणार होते, तेवढ्यात तिने डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून त्यावर दुमडली, वरून डावा हात दाबून धरला आणि पाट्यावर दोनदा ओढलं. मी उठून मशीनवर जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून. आपल्या फजितीकडे कोणी पाहत बसलेलं तिला खपत नाही. मागून ऐकू येत होतं, खर्र, खर्र, मग टक् करून पडणं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग परत खर्र. चेंडू लहान पोरांचा म्हणून जिने खाटेखाली ढकलला तिला हे लहान पोरांचं खेळणं कसं चाललं, ते मी बरेच दिवस मनात घोळवलं. चेंडू दाबून चेंडूचं काही होत नव्हतं, एवढंच मला सुचलं. ती कामाची बाई आहे. व्यायामवाल्या मुलीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, करू द्या की, पण माझं शिकवलेलंही सोडू नका. ताईने तेही धरलं. चेंडू खाटेखालून मलाच काढावा लागला.

हळूहळू सहाच्या सहा घासून झाले. पाण्यात भिजवल्यावर चांगले टपोरे फुगले, मग लावले. ताईने उशाचे पाच घासायला घेतले. पण हाताचं म्हणाल तर, सागरगोटा धरताना डाव्याचा आधार लागतच होता. भाकर थापायला बसली की भाकर परातीतच फाटायची. आखाजी चार दिवसांवर आली. अविनाशचा फोन आला, सकाळच्या गाडीने पोचतो. फोन ठेवल्यावर ताईने मला पुण्याची पिशवी भरून ठेवायला सांगितलं. मी भरली नाही. तिने दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. मी तिचं एक लुगडं घडी करून पिशवीत घातलं आणि तिची नजर वळली तसं काढून परत दांडीवर टाकलं. एवढाच माझा पराक्रम.

आखाजीच्या आदल्या दुपारी मी मशीनवर होते. लग्नसराईचे ब्लाउज, मान वर करायला फुरसत नाही, ओसरीत उन्हाच्या झळा. मागे पाट्यावरचा आवाज चालू होता. तीन आठवडे ऐकत असलेला, त्यामुळे तो थांबला कधी ते मला कळलं नाही. आणि एकदम माझ्या दंडाला असा चटका बसला की मी किंचाळून उभी राहिले, कापड सुईखाली फरफटत गेलं. मागे ताई उभी होती. सागरगोटा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत. डावा हात तिने पाठीमागे धरला होता, मुद्दाम, मला दिसावं म्हणून.

"ह्याच हातानं तापवला," ती म्हणाली. "एकट्या."

मी दंड धरून खाली बसले आणि मोठ्याने रडले. तिला वाटलं खूपच भाजलं. ती घाबरून फुंकर घालायला लागली, खोबरेल शोधायला लागली, पुटपुटायला लागली की लहानपणी तं एवढी रडत नव्हती ही. मी तिचा हात धरला, उजवाच.

"नाही वं ताई," मी म्हटलं, "अजून एक दे."

दुसऱ्या दिवशी अविनाश आला. आमरस ताईने वाढला. पळी थरथरली, थोडा रस ताटाबाहेर सांडला, तो कोणी पुसला नाही. अविनाश ताटाकडे पाहतच नव्हता, आईच्या मनगटाकडे पाहत होता. जेवण झाल्यावर त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली. भाकर शेजारीण थापून देईल, हे त्यानेच सुचवलं, आणि रोज दोनदा फोन करायची अट घातली. ताईने किल्ली उचलून कमरेला खोचली आणि त्याला आणखी रस पाहिजे का, ते विचारलं.

ती वडनेरला गेली त्याच आठवड्यात एका डब्यातली माती फुगली. मग दुसऱ्या. सहातले चार उगवले, उन्हाने दोन गेले. राहिलेल्या दोनांपैकी एक माझ्या कुंपणावर आहे, एक तिच्या. तिचा हात पूर्ण परतला नाही. गॅस पेटतो, हुक लागतो, काज मात्र आता होत नाही. स्वतःचे ब्लाउज काजासाठी माझ्याकडे पाठवते आणि वाकडं झालं की फोनवर माझी खरडपट्टी काढते. मी निमूट ऐकून घेते. खरं तर कधी कधी एखादं मुद्दाम वाकडं करते, हे तिला सांगू नका.

परवा शेंग तडकली तेव्हा मी पहिला फोन तिलाच केला. तिच्या वेलीला अजून शेंग नाही, म्हणून आधी थोडी फुगून बसली. मग म्हणाली, बाकीच्यांना हात लावू नको, रविवारच्या गाडीने येते, मी फोडते. बरं म्हटलं.

पाटा धुऊन ओसरीत ठेवला आहे. आली की चहासुद्धा न पिता ती काय करणार ते मला माहीत आहे. त्या वेळचा दंडावरचा डाग चार दिवसांतच गेला होता. परवा मशीनवर होता तो ब्लाउज माझा स्वतःचाच. आज पुरा झाला. बाही आखूड ठेवली आहे.